गॅरंड घ्यायचीय? आधी कागद, मग नळी, मग किंमत

आमच्या ओहायोतल्या मंडळात गणपतीचं जेवण झालं की दरवर्षी कुणीतरी मला बाजूला घेतं. "तुझ्याकडे ती जुनी मिलिटरीची रायफल आहे ना? मलाही घ्यायचीय. काय काय करावं लागतं?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेलं असतं, नाहीतर त्याने नुकतीच नागरिकत्वाची शपथ घेतलेली असते. हातात पानाचा विडा धरून उभ्या उभ्या सांगण्यासारखा हा विषय नाही. चुकलं तर पैसे जातात, आणि फारच चुकलं तर व्हिसा किंवा बोट जातं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे.

मी ज्या रायफलबद्दल लिहितोय ती एम-१ गॅरंड. सैन्याची रायफल घ्यायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एआर-१५ येते, पण नवख्या माणसाला मी आधी गॅरंडच सुचवतो. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या जॉन गॅरंड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरी या सरकारी कारखान्यात ती घडवली. अमेरिकन सैन्याने १९३६ साली ती स्वीकारली. पुढच्या वीसेक वर्षांत सुमारे ५४ लाख रायफली तयार झाल्या. ती सेमी-ऑटोमॅटिक आहे. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, त्याच गोळीच्या वायूचा थोडासा भाग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी तुकडा) मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुढचं काडतूस नळीत चढतं. पुढची गोळी हवी तर चाप पुन्हा ओढायचा. आपल्याकडे पोलिसांच्या आणि जवानांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली एसएलआर याच तत्त्वावर चालते.

माझं तिच्याकडे ओढलं जाण्याचं कारण घरातलं आहे. आम्ही सातारकडचे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गेले होते. मराठ्यांच्या हातात .३०३ ली-एन्फिल्ड. दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. त्याच आघाडीवरच्या अमेरिकन तुकड्यांकडे मात्र गॅरंड होती, आणि त्या रायफलीचं नाव मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. एनसीसीच्या कॅम्पवर मी स्वतः .३०३ चालवली तेव्हा दोन दिवस खांदा दुखत होता. पुढे इथे क्लबमध्ये एका म्हाताऱ्या सभासदाने त्याची गॅरंड माझ्या हातात दिली, आणि तो धक्का त्या मानाने किती मऊ आहे हे कळलं.

आधी स्वतःची पात्रता बघा

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत, म्हणून जरा थांबून वाचा.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बी, एल-१, एफ-१, बी-१/बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. काही ठरावीक अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना. 'बाळगणं' या शब्दाचा अर्थ आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. रेंजवर भाड्याची रायफल दहा मिनिटं हातात घेणंही त्यात मोडतं. "आम्ही टीममधले सहाजण लास व्हेगसला जाऊन मशीनगन चालवून आलो, कुणी काही विचारलं नाही," असं लोक कौतुकाने सांगतात. रेंजवाल्याने विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत हा प्रश्न निघाला तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे, रेंजवाल्याला नाही. तुमचं प्रकरण जरा जरी गुंतागुंतीचं असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. तुम्ही नागरिक झालात, पण तुमची बायको अजून व्हिसावर आहे, किंवा आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आहेत, किंवा मेहुणा शिकायला आलाय. त्यांच्या हातात रायफल देऊ नका, तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्यांना सांगू नका. बाबांना फोटोसाठीसुद्धा नाही. माझ्या वडिलांची खूप इच्छा होती. मी त्यांना क्लबमध्ये खुर्चीवर बसवलं, कानाला मफ लावले आणि मी नेमबाजी करताना त्यांना बघू दिलं. तेवढंच.

ग्रीन कार्डधारकाला दुकानातून रायफल घेता येते. परवानाधारक दुकानदार तुमच्याकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो आणि एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेतून तुमची पार्श्वभूमी तपासतो. फॉर्मवर नागरिकत्व विचारतात, एलियन नंबर विचारतात, गुन्हे, घरगुती हिंसाचार, अमली पदार्थ यांबद्दल विचारतात. गांजाबद्दलचा प्रश्न नीट वाचा. राज्यात तो कायदेशीर असला तरी संघीय कायदा त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, असं तिथेच छापलेलं आहे. फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे.

यावर राज्याचा कायदा येतो. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनच्या आपल्या मंडळींना, आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं. शिकागो-नेपरव्हिलच्या लोकांना इलिनॉयचं एफओआयडी कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. बे एरियात सुरक्षेची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं आणि मग दहा दिवस थांबायचं. ओहायोत यातलं काहीच नाही. यांतल्या काही राज्यांमध्ये एआर-१५ सारख्या रायफलींच्या विक्रीवर बंदी आहे. गॅरंडमध्ये मात्र आठच काडतुसं बसतात आणि सुटं मॅगझिन नसतं, त्यामुळे ती सहसा त्या कात्रीत सापडत नाही. तरीही तुमच्या राज्याच्या पोलिसांचं किंवा अॅटर्नी जनरलचं पान स्वतः वाचा.

आणि एक गोष्ट ठाम सांगतो: ही रायफल भारतात नेण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे सैन्याच्या जातीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली प्रतिबंधित प्रकारात येतात. साध्या परवान्यावर त्या मिळत नाहीत.

कुठून घ्यायची

माझ्या मते नवख्या माणसासाठी एकच सरळ रस्ता आहे, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम. सगळे त्याला सीएमपी म्हणतात. सामान्य नागरिकाला नेमबाजी यावी म्हणून १९०३ मध्ये सरकारने सुरू केलेल्या कामाचा हा वारसा आहे. १९९६ पासून तो ना-नफा संस्थेकडे आहे. सैन्याने परत केलेल्या, मित्रदेशांनी उसन्या नेऊन परत पाठवलेल्या गॅरंड इथे येतात. फिलिपिन्सहून आलेल्या रायफलींचा मोठा साठा अलीकडच्या वर्षांत विक्रीला निघाला. सीएमपीचे लोक प्रत्येक रायफल उघडून तपासतात, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली जागा) मोजतात, गोळी झाडून बघतात, आणि स्थितीप्रमाणे तिला प्रत देतात. 'रॅक' ही सगळ्यात झिजलेली, मग 'फील्ड', मग 'सर्व्हिस'. नवी नळी आणि नवा दस्ता घातलेल्यांना 'एक्स्पर्ट' म्हणतात.

अट एकच अशी आहे की जिथे आपली अनेक माणसं अडतात. सीएमपीकडून घ्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. शिवाय वय १८ पूर्ण हवं, सीएमपीशी संलग्न क्लबचं सभासदत्व हवं, आणि नेमबाजी केल्याचा दाखला हवा. दाखल्याच्या अटीतून साठीच्या पुढच्यांना सूट आहे. क्लब शोधणं अवघड नाही. आणि खरं सांगायचं तर क्लबमध्ये जाणं हाच या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी भाग आहे. सहा महिने इतरांच्या रायफली चालवा, मग स्वतःची घ्या.

ओहायोत लेक ईरीच्या काठावर कॅम्प पेरी आहे. तिथे सीएमपीचं दुकान आहे. रांगेत लावलेल्या रायफली हातात घेऊन निवडता येतात. मी माझी तिथेच घेतली, तीन तास लावून. अलाबामातल्या अॅनिस्टनलाही असंच दुकान आहे. लांब राहणारे टपालाने मागवतात. मग जी येईल ती आपली. पण प्रतीवर विश्वास ठेवता येतो.

नागरिकत्व नसेल तर दुकान, लिलाव किंवा गन शो. काही राज्यांत दोन रहिवासी आपापसांत तपासणीशिवाय विक्री करू शकतात. तुम्ही तसं करू नका. पन्नास डॉलर फी देऊन व्यवहार परवानाधारक दुकानदारामार्फत करा. कागद राहतो, आणि रायफल चोरीची निघाली तर तुमच्या हातात पुरावा असतो.

टेबलावर ठेवलेली रायफल कशी वाचायची

आता मुख्य काम. सोबत काय न्याल? छोटी टॉर्च, कागदाचा पांढरा तुकडा, आणि एक डमी काडतूस, म्हणजे ज्यात दारू नाही आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टोपी) नाही असं. नळीची झीज मोजणारे मापक मिळाले तर फारच चांगलं. विक्रेत्याला विचारल्याशिवाय काही उघडू नका, चाप ओढू नका. विचारलं की चांगला विक्रेता हो म्हणतो. जो नाही म्हणतो त्याचं टेबल सोडा.

रायफल हाती घेतल्यावर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि ऑप-रॉडचं (बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या लांब दांड्याचं) हँडल मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. हे तुमच्यासमोर कुणी केलेलं असलं तरी तुम्ही पुन्हा करायचं.

इथेच अंगठ्याचा इशारा देतो. गॅरंडचा बोल्ट मागे गेला की कधीकधी तो खराखुरा अडकलेला नसतो. खालच्या फॉलोअरच्या (काडतुसं वर ढकलणाऱ्या पट्टीच्या) कडेवर नुसता टेकलेला असतो. फॉलोअरला जरा धक्का लागला की तो पुढे झेपावतो. तेव्हा अंगठा आत असेल तर नख काळंनिळं होतं, कधी हाडही जातं. म्हणून उजव्या तळहाताची कड, करंगळीच्या बाजूची, ऑप-रॉडच्या हँडलवर दाबून धरायची, अंगठ्याने फॉलोअर खाली दाबायचा, अंगठा बाहेर काढायचा आणि मगच हात सैल करायचा. घरी रिकाम्या रायफलीवर शंभरदा करा.

आता नळी. बोल्ट मागे, चेंबरमध्ये पांढरा कागद, त्यावर टॉर्चचा उजेड, आणि समोरून तोंडातून बघा. आतल्या पेचदार खाचांच्या कडा ठसठशीत दिसायला हव्यात. थोडा काळपटपणा चालतो, पण खड्डे म्हणजे गंजाने खाल्लेली जागा. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये जे रसायन असे त्याची राख म्हणजे चक्क एक मीठ. मिठाला पाणी सुटतं हे कोकणातल्या पावसाळ्यात ज्याने मिठाची बरणी उघडलीय त्याला सांगायला नको. त्या दिवशी नळी धुतली नाही तर दोन दिवसांत आत गंज.

तोंडाची झीज बघायला डमी काडतूस टोकाकडून नळीच्या तोंडात हलकेच सोडा. गोळी जितकी आत जाईल तितकी झीज जास्त. गोळीचा थोडा भाग बाहेर दिसत असेल तर ठीक. पितळी पुंगळीची कड नळीच्या तोंडाला टेकली तर ती नळी संपली. ही झीज गोळ्यांमुळे फारशी होत नाही. सैनिकांनी वर्षानुवर्षं पोलादी गज पुढून घालून साफसफाई केल्यामुळे होते. दुसरी झीज आतल्या बाजूला, जिथून गोळी नळीत शिरते त्या थ्रोटमध्ये. ती डोळ्यांनी दिसत नाही, तिला मापकच लागतो. सर्व्हिस प्रतीच्या रायफलीत तोंडाचा आकडा ३ किंवा कमी आणि थ्रोटचा ५ किंवा कमी अपेक्षित असतो. "मापक नाही, पण नळी नव्यासारखी आहे," असं विक्रेता म्हणाला तर त्याला हसून मान डोलवा आणि किंमत झिजलेल्या नळीची द्या.

मग रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा. रायफलीचा हाच खरा गाभा. बाकी सगळं बदलता येतं. मागच्या टोकावर 'यू.एस. रायफल, कॅल. .३०, एम-१', कारखान्याचं नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. युद्धकाळात स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि विंचेस्टर, कोरियन युद्धानंतर इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन. इथे एक गोंधळ हमखास होतो. सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरी १९६८ मध्ये बंद झाली. नंतर त्याच नावाची एक खासगी कंपनी उभी राहिली आणि तिनेही अशा रायफली बनवल्या. त्या वाईट असतात असं नाही, पण त्या युद्धातल्या नव्हेत.

सगळ्यात जपायचं ते जोडकाम केलेल्या रिसीव्हरपासून. सैन्याने भंगारात काढलेले रिसीव्हर कापून दोन तुकडे केले जात. पुढे काहींनी ते तुकडे वेल्ड करून पुन्हा विकले. बाजूच्या पट्ट्यांवर मधोमध घासल्याच्या खुणा, पृष्ठभागाचा रंग अचानक बदललेला, बोटाला लागणारा बारीकसा उंचवटा यांवरून शंका घ्या. एका गन शोमध्ये माझ्या हातात अशी आली होती. बाहेरून सुंदर, दस्ता तेलाने चकाकणारा. बोल्ट मागेपुढे करताना एका ठिकाणी दर वेळी किंचित अडखळायचा. दस्त्यातून काढून बघू का, असं विचारलं तर विक्रेता म्हणाला, "संग्राहकाची रायफल आहे, उघडत नाही." मी ठेवून दिली. माझ्याबरोबरच्या क्लबच्या म्हाताऱ्याने उजव्या बाजूला, ऑप-रॉड जिथे सरकतो त्या पट्टीवर टॉर्च तिरपी धरली, तेव्हा केसाएवढी रेघ दिसली. चेंबरपाशी दर चौरस इंचाला सुमारे ५० हजार पौंडांचा दाब धरणारा तो भाग. तिथे रेघ असलेली रायफल फुकट दिली तरी घेऊ नये.

पुढे चाप आणि सेफ्टीची चाचणी. विक्रेत्याची परवानगी घेऊन, चेंबर पुन्हा तपासून, सेफ्टी मागे ओढा. ती चापाच्या कडीत पुढच्या बाजूला असते. चाप दाबा, काही व्हायला नको. चाप सोडा, सेफ्टी पुढे ढकला, घोडा आपोआप पडायला नको. आता चाप दाबा, घोडा पडेल. चाप दाबलेलाच ठेवून दुसऱ्या हाताने बोल्ट मागे नेऊन पुढे सोडा, मग चाप हळू सोडा. 'टक' असा आवाज येतो. तो आला नाही, किंवा बोल्टबरोबर घोडाही पुढे आला, तर रायफल कारागिराकडे जाण्याच्या लायकीची आहे, रेंजवर जाण्याच्या नाही.

दस्ता कसा बसलाय हे चापाच्या कडीवरून कळतं. कडी उघडून पुन्हा बंद करताना शेवटच्या अर्ध्या इंचात चांगला जोर लागायला हवा. लोण्यासारखी बंद झाली तर लाकूड दबलेलं आहे, नेम सरकणार. पुढची साइट धरून हलवून बघा. ती ज्या गॅस सिलिंडरवर (नळीच्या टोकाशी गोळीचा वायू पकडणाऱ्या नळकांड्यावर) आहे तो डुलत असेल तर गोळ्याही डुलतील.

उघडायला परवानगी मिळालीच तर ऑप-रॉडची स्प्रिंग काढून ती सोडून रॉड परत बसवा आणि रायफल तोंड वर करून तिरपी करत जा, मग खाली. बोल्ट आणि रॉड स्वतःच्या वजनाने, कुठेही न घासता, सरकले पाहिजेत. ही एक चाचणी मला दहा आकड्यांपेक्षा जास्त सांगते. स्प्रिंगची लांबी नव्या स्थितीत सुमारे २० इंच असते. १९ च्या खाली गेली असेल तर बदला, थोडक्या पैशांचं काम आहे.

तारखांचं काय? बोल्ट मागे ओढला की नळीच्या उजव्या बाजूला कारखान्याची अक्षरं, महिना आणि साल दिसतं. 'एस ए ३ ४४' म्हणजे स्प्रिंगफील्ड, मार्च १९४४. हे वाचताना अंगावर काटा येतो हे मी मान्य करतो. पण जवळपास सगळ्या गॅरंड युद्धानंतर सरकारी कारखान्यांत उघडून पुन्हा जुळवल्या गेल्या. १९४३ चा रिसीव्हर, १९५२ ची नळी, तिसऱ्याच कारखान्याचा बोल्ट, हे अगदी नेहमीचं आणि अस्सल आहे. "नॉर्मंडीला उतरलेली रायफल" अशी गोष्ट सांगून कुणी जास्तीचे पैसे मागत असेल तर लेखी पुरावा मागा. पुरावा नसेल तर गोष्ट ऐका, पैसे लाकूड-लोखंडाचेच द्या.

काडतुसं

ती खाते .३०-०६, उच्चारी 'थर्टी-ऑट-सिक्स'. दुकानात याच नावाची शिकारीची काडतुसं ढिगाने मिळतात, आणि तिथेच घोटाळा होतो. गॅरंडची गॅस यंत्रणा १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासच्या लष्करी काडतुसाला बेतलेली आहे. जड गोळीच्या, सावकाश जळणाऱ्या दारूच्या शिकारी काडतुसांनी तोंडाजवळचा दाब वाढतो आणि लांब ऑप-रॉड वाकतो. खोक्यावर 'एम-१ गॅरंडसाठी' असं लिहिलेलं घ्या. शिकारीचीच वापरायची असतील तर आधी दाब कमी-जास्त करता येणारा गॅस प्लग, म्हणजे गॅस सिलिंडरचं बूच, बसवून घ्या. काही नव्या रायफली .३०८ साठीही बनवलेल्या असतात. नळीवर काय लिहिलंय ते बघूनच खोकं उघडा.

स्वस्तात जुनी लष्करी काडतुसं मिळाली तर ती मीठ सोडणाऱ्या प्रायमरची समजूनच वागा. त्याच दिवशी नळी, गॅस सिलिंडर आणि बोल्टचा पुढचा भाग गरम पाण्याने धुवा, कोरडा करा, मग तेल. नुसत्या तेलाने मीठ जात नाही.

रेंजवरचा पहिला दिवस

चष्मा हवाच. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. छताखालच्या रेंजवर .३०-०६ चा आवाज छातीत लागतो.

पहिल्यांदा आठ भरू नका. चेंबरमध्ये हाताने एकच काडतूस टाकून बोल्ट धाडकन सोडायचीही सवय लावू नका. गॅरंडची फायरिंग पिन सैल असते, बोल्ट आपटला की ती प्रायमरला हलका ठोका देते. काडतूस क्लिपमधून (आठ काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या चिमट्यातून) ढकलत बोल्ट पुढे आला की त्याचा वेग मंदावतो, मोकळ्या चेंबरवर आपटला तर मंदावत नाही. क्लबमध्ये एक-एक काडतूस भरायचा छोटा प्लास्टिकचा फॉलोअर मिळतो. तो वापरा. मग दोन भरा, म्हणजे रायफल आपोआप पुढची चढवते की नाही ते कळेल, आणि चाप एकदा दाबल्यावर एकच सुटते याचीही खात्री होईल. मग आठ.

क्लिप उजव्या अंगठ्याने सरळ खाली दाबायची, तळहाताची कड हँडलवर. क्लिप बसली की अंगठा वर आणि बाजूला, मग हात सोडा. बोल्ट पूर्ण बंद झाला नाही तर हँडलवर तळहाताने एक हलका ठोका. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' करत उडते आणि बोल्ट मागे थांबतो. मधेच थांबायचं असेल तर हँडल मागे ओढून धरा आणि डाव्या बाजूची क्लिपची खिट्टी दाबा. उरलेली काडतुसं क्लिपसकट वर येतात.

मागच्या साइटची दोन्ही चाकं टिकटिक करत फिरतात. एक टिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. तीन-तीन गोळ्या झाडा, मधोमध कुठे पडतात ते बघा, तितक्या टिका फिरवा. झोपून, कोपर टेकून, चांगल्या काडतुसांनी १०० यार्डांवर तीन-चार इंचांचा घोळका आला तर रायफल चांगली आहे. पुढचं काम तुमचं.

घरी आल्यावर साफसफाई. गज मागून घालता येत नाही, पुढूनच घालावा लागतो, म्हणून नळीच्या तोंडावर बसणारं प्लास्टिकचं मार्गदर्शक घ्या आणि एकसंध गज वापरा. सरकणाऱ्या भागांना तेल नको, ग्रीस हवं. बोल्टचे कान, ऑप-रॉडची खाच, रिसीव्हरच्या पट्ट्या, इथे तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. सैनिकांच्या दस्त्यात याच कामासाठी ग्रीसची इवलीशी डबी असे. पिस्टन आणि गॅस सिलिंडर मात्र कोरडे ठेवायचे, तिथे ग्रीस जळून राळ होते.

घरात

आपल्या घरांत माणसं येत-जात असतात. दर शनिवारी कुणाकडे तरी पंचवीस जण जेवायला, पोरं जिन्यावरून खालीवर, बेसमेंटपासून माळ्यापर्यंत. म्हणून रायफल येण्याच्या आधी तिजोरी घरात आली पाहिजे, भिंतीला बोल्टने ठोकलेली. काडतुसं वेगळ्या कुलपात. मुलांना 'हात लावू नका' एवढं सांगून भागत नाही. माझ्या मुलीला मी आठव्या वर्षीच चार गोष्टी शिकवल्या: दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग. ती दुसऱ्याच्या घरी गेल्यावरही हे लागू आहे. घरात कुणाचं मन फार खचलेलं असेल, नोकरी गेली असेल, घटस्फोट चालू असेल, तर त्या दिवसांत रायफल क्लबच्या किंवा दुकानदाराच्या ताब्यात ठेवा. अनेक दुकानदार ठेवून घेतात. गाडीतून नेताना रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत. दुसऱ्या राज्यात जात असाल तर वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम आधी वाचा.

आणि भारतात जाण्याआधीची पायरी. सामानात एक जिवंत काडतूस राहिलं तरी आपल्या विमानतळांवर आर्म्स अॅक्टखाली गुन्हा दाखल होतो. इथून सुट्टीला गेलेल्या लोकांच्या बॅगेत तळाशी एखादं विसरलेलं काडतूस सापडल्याच्या केसेस भारतातल्या हायकोर्टांपर्यंत गेल्या आहेत. रेंजची बॅग, रेंजचं जॅकेट, रेंजची टोपी, सगळं वेगळं ठेवा आणि प्रवासाला कधीच वापरू नका. मुंबईचं तिकीट काढलं की मी आठवडाभर आधी सगळ्या बॅगा अंगणात उलट्या करून झटकतो, खिशांचे अस्तर बाहेर काढतो. गेल्या डिसेंबरात हिवाळी कोटाच्या फाटक्या खिशातून अस्तरात घसरलेली एक रिकामी पुंगळी हाताला लागली. कोट कपाटात परत गेला, आणि मी लहान भावाकडून दुसरा मागून घेतला.